हात मधूनच गळून पडतात तेव्हा: ऑक्सिजनवरच्या रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याची खूण कशी ओळखावी आणि पुढे काय करावे

सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करून ठेवणाऱ्या आजाराचा, रुग्ण घरी ऑक्सिजनवर असतो तेव्हा सगळ्या घराचे लक्ष बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या आकड्याकडे असते. आकडा ९६ दिसला की मंडळी निर्धास्त होतात. मात्र त्याच वेळी रुग्णाच्या हातातला चहा बशीत हिंदकळत असेल, वर्तमानपत्र धरलेले मनगट मधूनच खाली पडून पुन्हा वर येत असेल आणि सकाळपासून डोके जड असल्याची तक्रार असेल, तर त्या ९६ वर विसंबून राहणे धोक्याचे आहे. ऑक्सिमीटर रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी दाखवतो. श्वासावाटे बाहेर न पडता रक्तात साचलेला कार्बन डायऑक्साइड तो मोजतच नाही. बाहेरून ऑक्सिजन चालू असताना ऑक्सिमीटरचा आकडा उत्तम आणि कार्बन डायऑक्साइड मात्र वाढत चाललेला, ही स्थिती सहज उद्भवू शकते. ती घरच्या घरी लक्षात आणून देणाऱ्या ज्या थोड्या खुणा आहेत, त्यांत हातांचे हे अनाहूत झटके महत्त्वाचे आहेत, आणि ते पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही.

झटका येतो म्हणजे नेमके काय होते

हात पुढे करून धरून ठेवणे हे दिसते तितके साधे काम नाही. मेंदूकडून मनगटाच्या स्नायूंना सतत संदेश जात राहतात, म्हणून हात हवेत टिकतो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की तो मेंदूत सहज शिरतो, तेथील आम्लता वाढवतो आणि हा संदेशांचा प्रवाह अधूनमधून तुटू लागतो. सेकंदाच्या विसाव्या ते पाचव्या भागाइतका काळ स्नायू पूर्ण शांत होतो, मनगट खाली पडते, आणि रुग्ण ते पुन्हा उचलतो. बाहेरून पाहणाऱ्याला पक्ष्याने पंख फडफडवावेत तशी हालचाल दिसते. येथे स्नायू आखडत नाही, क्षणभर सुटतो. म्हणून वैद्यकशास्त्रात याची गणना ‘ऋण’ प्रकारच्या झटक्यांत होते आणि त्याला अ‍ॅस्टेरिक्सिस म्हणतात. जोसेफ फोली आणि रेमंड अ‍ॅडम्स या अमेरिकन चेताविकारतज्ज्ञांनी १९४९ मध्ये यकृत निकामी झालेल्या रुग्णांमध्ये याचे वर्णन केले. श्वसनाच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारांतही हीच खूण दिसते. कार्बन डायऑक्साइड खूपच चढला तर याच्या जोडीला खांदा, मांडी, चेहरा असे वेगवेगळ्या जागचे स्नायू खरोखर आखडून उडू लागतात. तोपर्यंत रुग्ण बहुधा गुंगीत गेलेला असतो.

धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असतो. जुन्या सीओपीडीच्या काही रुग्णांमध्ये तो कायमच ५० किंवा ५५ असतो आणि तरीही ते घरात हिंडतात, फिरतात, गप्पा मारतात, कारण मूत्रपिंडे काही दिवसांत बायकार्बोनेट, म्हणजे आम्लता शमवणारा क्षार, साठवून रक्ताची आम्लता सावरून घेतात. त्यामुळे नुसता आकडा किती यापेक्षा तो किती वेगाने चढला हे अधिक महत्त्वाचे ठरते. एकाला ६० वर झापड येते, दुसरा ७० वरही उत्तरे देतो. शेजारच्या रुग्णाच्या रिपोर्टशी आपल्या रुग्णाचा रिपोर्ट ताडून पाहण्यात म्हणूनच काही हशील नाही.

कोणाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून पाहावे

वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेले रुग्ण तर यात येतातच. पण आपल्याकडे चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांची संख्याही मोठी आहे, आणि ‘मी कधी ओढली नाही’ म्हणून त्यांच्या सीओपीडीचे निदानच उशिरा होते. क्षयरोग बरा झाल्यानंतर फुफ्फुसे आक्रसलेले, पाठीला बाक किंवा कुबड असलेले, अतिस्थूल व घोरणारे, आणि स्नायू दुबळे करणाऱ्या आजारांचे रुग्ण हेही याच गटातले. यापूर्वी एकदा जरी ‘कार्बन डायऑक्साइड वाढला होता’ असे रुग्णालयाने कागदावर लिहिले असेल, तर पुढच्या प्रत्येक सर्दी-खोकल्यात ही शंका मनात ठेवावी.

पहिली पायरी: हातांची तपासणी

रुग्णाला पाठीला टेकू देऊन बसवावे आणि खोलीत पुरेसा उजेड असावा. दोन्ही हात कोपरे सरळ ठेवून समोर खांद्याच्या उंचीवर आणायला सांगावे. मग मनगटे मागे वळवून तळवे समोरच्या भिंतीकडे करावेत, वाहतूक पोलीस गाडी थांबवताना करतो तसे, आणि बोटे फाकवावीत. रुग्णाला ऐकायला कमी येत असेल तर आपण समोर बसून तसेच हात करून दाखवावेत. हात असेच किमान अर्धा मिनिट धरायला सांगावे. बहुतेक जण पाच सेकंद पाहून ‘काही नाही’ म्हणतात आणि तेथेच फसतात, कारण दोन झटक्यांमध्ये बराच वेळ जाऊ शकतो.

पाहायचे ते मनगटाकडे आणि बोटांच्या मुळांकडे. सुरुवातीला एखादे बोट कडेला सरकल्यासारखे हलते. मग मनगट एकाएकी खाली पडते आणि झटक्यात पूर्वीच्या जागी येते. पडणे आणि सावरणे यांना ताल नसतो. दोन्ही हातांना होते, पण दोन्ही हात एकाच क्षणी पडतील असे नाही. हात मांडीवर विसावलेले असताना झटके थांबतात, म्हणून झोपलेल्या किंवा हात टेकवून बसलेल्या रुग्णाकडे नुसते पाहून काही कळत नाही.

थकव्याने रुग्णाला हात उचलता येत नसतील तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उशीवर टेकवून केवळ मनगट मागे वळवायला सांगावे. तेही जमत नसेल तर आपली दोन बोटे त्याच्या मुठीत देऊन घट्ट धरून ठेवायला सांगावे. पकड मधूनच सैल होऊन पुन्हा आवळत असेल तर अर्थ तोच. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला उताणे झोपवून पावले गादीवर टेकवावीत, गुडघे वर उभे करावेत आणि तसेच धरायला सांगावे. गुडघा मधूनच बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि सावरतो.

दोन गोष्टी बजावून सांगायला हव्यात. झटके दिसले नाहीत म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढलेला नाही, असा निष्कर्ष काढू नये. अनेक रुग्णांमध्ये तो वाढूनही हात स्थिर राहतात. आणि गाढ गुंगीत गेलेल्या रुग्णाला हात धरून ठेवताच येत नाहीत, म्हणून त्याच्यावर ही तपासणी करत बसण्यात वेळ दवडू नये.

दुसरी पायरी: इतर थरथरीपासून वेगळे ओळखणे

सीओपीडीच्या रुग्णाचे हात थरथरण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे त्याचे औषध. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांचा पंप किंवा नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) घेतल्यावर बोटांना बारीक, जलद आणि एकसारखा कंप सुटतो, छातीत धडधडते, आणि थोड्या वेळाने ते ओसरते. पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला तर या कंपाने तो सतत थरथरत राहतो. कार्बन डायऑक्साइडच्या झटक्यात कागद काही क्षण स्थिर राहतो आणि मग मनगटासह एकदम खाली जातो. थिओफिलिन गटातल्या गोळ्या अनेक रुग्ण वर्षानुवर्षे घेतात. त्यांचे प्रमाण रक्तात वाढले तर कंपाबरोबर मळमळ, उलट्या आणि धडधड होते, आणि वेळेत लक्ष दिले नाही तर फीटही येऊ शकते. त्यामुळे ‘औषधाची थरथर’ म्हणून हेही सोडून देण्यासारखे नाही.

पार्किन्सनचा कंप हात विसावलेला असताना जास्त दिसतो आणि त्याला ताल असतो. झोप लागता लागता अंग एकदम दचकते, ते निरोगी माणसालाही होते. फीटमध्ये स्नायू आखडतात आणि बऱ्याचदा शुद्ध हरपते. म्हणून डॉक्टरांना फोनवर नुसते ‘झटके येतात’ असे सांगू नये, ‘हात पुढे धरल्यावर मनगट मधूनच गळून पडते, शुद्ध आहे’ असे सांगावे. एकाच बाजूचा हात पडत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर आधी पक्षाघाताचा विचार व्हायला हवा आणि लगेच रुग्णालय गाठायला हवे.

यकृत किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यास, फेनिटॉइनसारख्या फीटच्या औषधाची मात्रा जास्त झाल्यास, किंवा रक्तातले मॅग्नेशियम, पोटॅशियम घटल्यास हेच झटके येतात. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिली जाणारी प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन ही औषधे तर दुहेरी घोटाळा करतात: ती स्वतः झटके आणू शकतात आणि फुफ्फुसे कमजोर असलेल्यांचा श्वासही मंदावू शकतात. घरी हा सगळा निवाडा करणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. रुग्णाच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत डॉक्टरांसमोर ठेवणे तेवढे आपल्या हातात असते.

तिसरी पायरी: जोडीच्या खुणा तपासणे

हात पाहून झाले की रुग्णाला सकाळी उठल्यावर डोके दुखते का ते विचारावे. झोपेत श्वास आणखी उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि डोके ठणकते. उठून थोडा वेळ गेला की ते बहुधा कमी होते. रात्री जाग आणि दिवसा झापड, बोलता बोलता डोळे मिटणे, उगाच चिडचिड, वार किंवा वेळ चुकणे, नातवाच्या नावाने मुलाला हाक मारणे, या गोष्टी घरच्यांनाच आधी लक्षात येतात. ‘आज बरे वाटत असावे, शांत झोपले आहेत’ हा गैरसमज फार घातक आहे. काल रात्रभर धापा टाकणारा माणूस आज औषध न देता एकाएकी शांत झाला, तर तो सुधारला की श्वास घेण्याचे कष्टच सोडून दिले, हे त्याला जागे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तळहात हातात घेऊन पाहावा. कार्बन डायऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतो, म्हणून तळवे उबदार, कधी ओलसर, लागतात, नाडी जोरदार ठोकते आणि डोळे लालसर दिसतात. त्यानंतर छातीची किंवा पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. मात्र मोजतो आहोत हे रुग्णाला सांगू नये, नाहीतर श्वासाची लय बदलते. वेळ, श्वासांची संख्या, ऑक्सिमीटरचा आकडा आणि ऑक्सिजन किती लिटरवर आहे, हे चारही वहीत लिहून ठेवावे. डॉक्टरांना ‘सकाळपासून जरा बरे नाही’ या वाक्यापेक्षा ही एक ओळ कितीतरी उपयोगी पडते.

चौथी पायरी: ऑक्सिजनचे काय करावे

सर्वाधिक चुका येथेच होतात, आणि त्याही दोन्ही टोकांच्या. धाप वाढली की कोणीतरी कन्सन्ट्रेटरचा, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राचा, खटका २ लिटरवरून ५ वर नेतो. किंवा ‘ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड वाढतो’ असे कोठेतरी ऐकून कोणीतरी नळीच काढून टाकतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण एकदम काढलेल्या ऑक्सिजनने रक्तातली पातळी आधीपेक्षाही खाली कोसळू शकते.

कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्या रुग्णासाठी ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ ही पातळी राखायची असते. ९८ हे निरोगी माणसाचे उद्दिष्ट आहे. जास्त ऑक्सिजन दिल्याने काय होते? फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही तेथील रक्तवाहिन्या शरीर आपणहून आवळून ठेवते; भरमसाट ऑक्सिजन मिळाला की त्या सैल होतात आणि रक्त अशा निकामी भागातून फिरून कार्बन डायऑक्साइड न टाकताच परत येते. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहते, आणि श्वासाची ओढही काहीशी मंदावते. हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णवाहिकेतून नेल्या जाणाऱ्या ४०५ रुग्णांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट भरपूर ऑक्सिजन दिलेल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले. ८८ ते ९२ ही पातळी सांभाळून ऑक्सिजन दिलेल्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते.

तेव्हा झटके किंवा झापड दिसत असताना आकडा ९२ च्या वर असेल, तर डॉक्टरांना फोन लावत असतानाच प्रवाह अर्धा लिटर कमी करावा, किमान पाच मिनिटे थांबून आकडा पाहावा, आणि पातळी ८८ ते ९२ मध्ये येईपर्यंत असेच सावकाश उतरावे. आकडा ८८ च्या खाली असेल तर प्रवाह कमी करू नये. तो तेवढ्याच लहान टप्प्यांनी वाढवून ८८ गाठावे आणि मदत बोलवावी. प्रवाह वाचताना डोळे मीटरच्या समपातळीत आणून नळीतल्या गोळीचा मध्य कोणत्या रेषेवर आहे ते पाहावे. उभ्याने वरून पाहिले की रेष चुकते. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी नेलपॉलिश पुसावे, हात थंड असतील तर चोळून गरम करावेत आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. नेब्युलायझर हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवावा आणि त्या वेळी नाकातली नळी आहे तशीच चालू ठेवावी.

पाचवी पायरी: जे मुळीच देऊ नये

रात्री झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी देण्याचा मोह घरच्यांना होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. रुग्णही काकुळतीला आलेला असतो. पण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या श्वासाची प्रेरणाच दाबतात. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, झापड आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि दारू यांचेही तसेच. मात्र यांपैकी एखादी गोळी डॉक्टरांनी दीर्घकाळ चालू ठेवली असेल तर ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्यानेही फीट येऊ शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

सहावी पायरी: रुग्णालय कधी आणि कसे गाठावे

हातांचे झटके नव्याने दिसू लागले असतील आणि त्याबरोबर झापड, गोंधळ किंवा वाढलेली धाप असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. हाक मारून रुग्ण जागा होत नसेल, श्वास अगदी मंद झाला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर तपासणीच्या कोणत्याही पायरीवर न थांबता हाच फोन आधी. झटके आहेत, पण रुग्ण पूर्ण जागा आणि बोलता आहे, तरीही त्याच दिवशी छातीच्या डॉक्टरांना दाखवावे.

रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला टेकवून बसते ठेवावे आणि गुंगीत असेल तर तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना ‘सीओपीडी आहे, ८८ ते ९२ ठेवायला सांगितले आहे’ हे वाक्य आपण होऊन सांगावे. जुना डिस्चार्ज कागद, वही आणि गोळ्यांची पिशवी बरोबर घ्यावी.

रुग्णालयात धमनीतल्या रक्ताची तपासणी होईल, तिला एबीजी म्हणतात. मनगटाच्या धमनीतून रक्त काढताना ते शिरेपेक्षा जास्त दुखते, हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे. रिपोर्टमध्ये तीन आकडे विचारून घ्यावेत: पीएच (तो जितका खाली, तितके रक्त आम्ल), कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि बायकार्बोनेट. दाब ४५ च्या वर आणि पीएच ७.३५ च्या खाली असेल तर साचलेला वायू नवा आहे आणि मूत्रपिंडांना तो सावरता आलेला नाही. दाब जास्त, बायकार्बोनेटही जास्त आणि पीएच जवळपास ठीक असेल तर तो जुना आहे.

औषधोपचार सुरू करूनही पीएच खाली राहिला, तर बहुधा बायपॅप लावला जातो. हे यंत्र श्वास आत घेताना जास्त आणि सोडताना कमी दाबाने हवा देते. त्यामुळे प्रत्येक श्वास खोल होतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पहिला तास कठीण जातो. रुग्ण मास्क ओढून काढू पाहतो, गुदमरते म्हणतो. अशा वेळी घरच्या माणसाने हात धरून शेजारी बसणे आणि पट्टे आवळण्यापूर्वी मास्क नुसता हाताने चेहऱ्यावर धरून सवय करून देणे, याचा फार उपयोग होतो. साधारण तासाभराने पुन्हा एबीजी करून पाहतात. या झटक्यांसाठी वेगळे औषध नसते; कार्बन डायऑक्साइड उतरला की हात आपोआप स्थिर होतात. दाब उतरूनही झटके तसेच राहिले, तर यकृत, मूत्रपिंडे आणि औषधे यांची चौकशी झाली का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

घरी परतल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर ‘लक्ष्य ८८ ते ९२’ आणि घरी किती लिटर, दिवसातून किती तास, हे आवर्जून लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत रुग्णाच्या पाकिटात ठेवावी. कन्सन्ट्रेटरच्या मीटरवर ठरलेल्या रेषेजवळ रंगीत चिकटपट्टी लावावी, म्हणजे भेटायला आलेल्या पाहुण्याने प्रेमापोटी वाढवलेला प्रवाह लगेच लक्षात येईल. वीज जाण्याची भीती असेल तेथे भरलेला लहान सिलिंडर हाताशी असावा आणि तो किती तास पुरेल हे पुरवठादाराकडून आधीच जाणून घ्यावे.

दोन ते चार आठवड्यांनी एबीजी पुन्हा करायला डॉक्टर सांगतील. बरे वाटते म्हणून ही तपासणी टाळली जाते, आणि नेमका तोच निर्णयाचा क्षण असतो. तोपर्यंतही कार्बन डायऑक्साइडचा दाब ५३ च्या वर राहिला तर रात्री घरी बायपॅप लावण्याचा विचार होतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना ऑक्सिजनबरोबर घरी बायपॅप दिला, तेव्हा पुन्हा भरती होण्यापर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा मध्यम काळ १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांवर गेला. यंत्र महाग आहे. काही ठिकाणी ते भाड्यानेही मिळते, आणि विकत घेण्यापूर्वी आपल्याला कोणता मास्क मानवतो हे भाड्याच्या यंत्रावर पाहून घेणे शहाणपणाचे.

घरी बायपॅप लावणाऱ्या रुग्णाचे हात दर आठवड्याला एकदा, सकाळी उठल्याउठल्या, वर सांगितल्याप्रमाणे तपासावेत. यंत्र नियमित लावूनही सकाळची डोकेदुखी किंवा हातांचे झटके परत आले, तर बहुधा मास्क गळत असतो: कडेने डोळ्यांवर हवा येते का, तोंड कोरडे पडते का, कवळी काढल्यावर गाल आत जाऊन मास्क सैल बसतो का, हे पाहावे. फट सापडली नाही, किंवा ती बुजवूनही दुसऱ्या सकाळी हात पडतच असतील, तर यंत्राचे दाब स्वतः न बदलता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि यंत्रातले मेमरी कार्ड बरोबर न्यावे.